ती नाव, ते नाव

माझ्या भाच्याने आणि भाचेसुनेने मिळून एक व्हिडिओ गेम केला आहे. मिळून म्हणजे, खेळ तिचा आणि इंजिन त्याचं. इंजिन म्हटल्यावर मला आधी धूरच दिसला. मग भाच्याने समजावलं, "आत्या, पाणी कुठून कुठे वाहायचं, लाटेवर ऊन कसं पडायचं, खेळणाऱ्याने काल काय केलं ते आज लक्षात कुणी ठेवायचं, हे सगळं इंजिन." तेवढ्यात भाचेसून खुर्ची फिरवून म्हणाली, "आणि त्या पाण्याकाठी कुणाला यावंसं का वाटावं, ते मी." लग्नाला सहा वर्षं झाली, पण दोघांची जुगलबंदी अजून पहिल्याच रंगात आहे. परमेश्वर ती तशीच ठेवो.

खेळ साधा आहे. एक नदी, दोन काठ, एक नाव. वाटसरू येतात, त्यांना पलीकडे न्यायचं. मारामारी नाही की शर्यत नाही. उतरताना वाटसरू काहीतरी सांगतो, नाहीतर काहीतरी देऊन जातो, एखादं रोप, एखादा घडवलेला दगड. ते आपल्या काठावर लावायचं. एक नदी दोघांनी मिळूनही चालवता येते, एकाने या काठावरून, दुसऱ्याने त्या. खेळ अजून पुरा झालेला नाही. अर्धा कच्चा असतानाच लोकांच्या हाती दिला आहे, त्याला अर्ली ॲक्सेस म्हणतात. लोक खेळतात, चुका दाखवतात, ही दोघं सुधारतात आणि पुन्हा देतात. मला ही रीत फार आवडली. पूर्ण शुद्ध झाल्यावर देवापुढे उभा राहीन म्हणणाऱ्याचे पाय घरातून निघतच नाहीत. आहे तसा जाऊन उभा राहतो, त्याचंच पुढे काही होतं.

लोकांची पत्रं वाचून उत्तरं द्यायचं काम माझं. टेलिफोन खात्यात चौकशीच्या टेबलावर एकतीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे ओरडणाऱ्या माणसाची मला भीती वाटत नाही. आमची जागा म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जमिनीवर वायरी, त्यांच्यावर चिकटपट्ट्या, भिंतीला एक पांढरा फळा आणि खिडकीत किटली. खालून दिवसभर आवाज येतो, "आता खालची ओळ वाचा... बरं, आता हा डोळा झाका."

आलेल्या पत्रांचे मी तीन गठ्ठे करते. खेळाचं असेल तर भाचेसुनेकडे, इंजिनचं असेल तर भाच्याकडे आणि माणसाचं असेल तर माझ्याकडे. 'माझा मुलगा हा खेळ लावून झोपतो, चालेल का?' हे माणसाचं. भाचा कुरकुरतो, "आत्या, उत्तर तीन ओळींत लिहीत जा गं. पूर्वरंग नको, थेट मुद्द्यावर ये." पण माझा पिंड कीर्तनावर पोसलेला. तीन ओळींत माझं नमनही होत नाही.

गेल्या महिन्यात एका बुधवारी पत्र आलं:

'माझ्या भावाने आमची नदी पुसून टाकली आहे. नदीचं नाव मुकी. काल संध्याकाळी उघडली तर नुसतं कोरं पाणी आणि "नवी नदी सुरू करा" अशी पाटी. आम्ही अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाही, म्हणून त्याला विचारता येत नाही. तुम्ही विचारा, काय मिळवलंस म्हणावं. – एक निवृत्त ग्रंथपाल.'

आणि शुक्रवारी दुसरं:

'मुकी नावाची नदी बुधवारी सकाळपासून दिसत नाही. बहुधा बहिणीने रागाने काढून टाकली. राग कशाचा ते मला ठाऊक आहे. मी विचारलं असं तिला कळू देऊ नये. – घड्याळजी.'

दोघांची नदी एकच. मी खोदून विचारलं, तेव्हा दोघांनी थोडं थोडं सांगितलं. बहिणीच्या मुलीने आठ महिन्यांपूर्वी दोघांच्या घरी जाऊन खेळ बसवून दिला आणि दोघांना एकाच नदीत ढकललं. हा सकाळी खेळायचा आणि जाताना नाव तिच्या काठाला बांधायचा. ती संध्याकाळी खेळायची आणि नाव परत त्याच्या काठाला लावून ठेवायची. आठ महिन्यांत एक दिवस चुकला नव्हता. शब्द मात्र एकही नाही. भांडण कशावरून झालं होतं म्हणाल, तर त्याने एक कारण सांगितलं, तिने दुसरंच.

आता माझी चूक सांगते. ही दोन्ही पत्रं मी माणसाच्या गठ्ठ्यात टाकली. भाऊ-बहिणीचं भांडण दिसलं आणि माझं काळीज लोण्यासारखं पाघळलं. दोघांनाही मी दीड-दीड पान लिहिलं, रक्ताचं नातं काय असतं, मन मोठं करावं, वगैरे. नदी खरोखर कुठे गेली, हे कुणाला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. ग्रंथपालबाईंचं उत्तर एका ओळीचं होतं: 'मी उपदेश मागितला नव्हता, नदी मागितली होती.' पुढे आणखी एक ओळ, जराशी जागा सोडून: 'तेवढंच होतं आमचं.'

ती दुसरी ओळ मी सोमवारी संध्याकाळी वाचली आणि मान खाली गेली. भाच्याला सगळं सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला. "आत्या, हे इंजिनचं आहे गं! आठवडा गेला!" मग त्याने शोधलं. मुकी नावाची नदी आमच्या यंत्रावर नव्हती. कुणी ती पुसल्याची नोंदही नव्हती. रोज नक्कल काढून ठेवतात, पण ती दोनच दिवसांची. म्हणजे दोघांपैकी कुणीही पुसली नव्हती आणि तरी ती गेली होती. दोघं एकमेकांवर खार खाऊन बसले होते आणि चोर आमच्याच घरात होता. नदी सापडली नसती, तर 'आमची चूक' हे माझे दोन शब्द त्यांना पटले असते का? मला नाही वाटत. अकरा वर्षांची बारा झाली असती.

मंगळवारी दुपारी जेवणं झाली आणि भाचेसुनेने फळ्यावर पुढच्या खेपेची यादी लिहायला घेतली. पहिलीच ओळ: 'नाव बदलता येत नाही.'

भाचा स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला, "येतं की. परवाच बदललं मी."

"बदललं नाही, बदलली. आणि नाही येत. एकदा घेतली की तीच."

"अगं, सेटिंगमध्ये जायचं, तिथे खाली..."

"सेटिंगमध्ये कशाला असेल? काठावर असते ती."

"काठावर कशाला? पहिल्याच पानावर विचारतो ना आपण!"

"काय विचारतो?"

"नाव!"

"अरे देवा! तू ते नाव म्हणतोयस. मी ती नाव म्हणतेय."

"मग आधी सांगायचं ना, ती की ते!"

"'बदलली' म्हटलं ना मी! व्याकरण नावाची काही चीज आहे की नाही?"

"आता हे कुठलं नाव काढलंस?"

मी इतकी हसले की हातातला चहा हिंदकळला. कीर्तनात बुवा अगदी हाच शब्द धरतात आणि अर्धा तास सोडत नाहीत. ते नाव ओठावर ठेवलं की ती नाव आपोआप दाराशी येते, असं म्हणून टाळी देतात आणि सगळा मंडप डोलतो. मी हसत हसत म्हटलं, "बुवांचं ठीक आहे रे बाबांनो, त्यांच्यापुढे माणसं बसलेली असतात. तुमच्या यंत्राला ती आणि ते कळतं का?"

खालून आवाज आला, "आता वरची ओळ वाचा."

भाच्याने सावकाश मान वळवली. "तू कोडमध्ये होडीला काय लिहिलंयस?"

"नाव. इंग्रजी अक्षरांत."

"म्हणजे कसं?"

"एन, दोन ए, व्ही. तू तुझ्या नावाला काय लिहिलंयस?"

भाच्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि बोटांच्या फटीतून म्हणाला, "एन. दोन ए. व्ही."

मला समजलं ते असं. इंजिनात एक सामाईक फळा असतो. इंजिन त्यावर 'नाव' लिहून त्यापुढे नदीचं नाव मांडून ठेवतं आणि खेळणारा उठून गेला की त्या नावाने नदी जपून ठेवतं. भाचेसुनेने मुकी जायच्या दोनच दिवस आधी, रविवारी, नव्या खेपेत वादळ आणलं होतं. वादळात नाव बुडू शकते. बुडाली की तिच्या कोडमध्ये एक ओळ होती: नाव रिकामी कर. तिला म्हणायची होती ती नाव. यंत्राने रिकामं केलं ते नाव.

"पण मी तीस वेळा बुडवून पाहिली!" भाचा उठून उभा राहिला. "एकदाही नदी गेली नाही."

"बुडाल्यावर काय करायचास?" मी विचारलं.

"काय करणार? नवी नाव घ्यायची आणि पुढे जायचं."

"नव्या नावेवर नदीचं नाव रंगवते मी," भाचेसून म्हणाली. "म्हणजे तो शब्द पुन्हा भरला जातो. म्हणून तुला कधी दिसलं नाही. मध्येच खेळ बंद केला तरच..."

"बुडाल्या बुडाल्या कोण बंद करेल?"

"अरे, तू आपली स्वतःची बुडवत होतास," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाची बुडवली असतीस तर? पहिलीत असताना माझी लोणच्याची बरणी फोडलीस, तेव्हा काय केलं होतंस?"

त्याने जरा विचार केला. "पांघरूण घेऊन झोपलो."

"दुपारी दोन वाजता!"

घड्याळजीने लिहिलेलं वाक्य मला आठवलं. राग कशाचा ते मला ठाऊक आहे. मी त्याच्यावरून दोनदा गेले होते आणि थांबले नव्हते.

"मग नाव नसलेली नदी जाते कुठे?" मी विचारलं.

भाच्याचा चेहरा उतरला. "निनावी म्हणून एक कप्पा आहे. अर्धवट सोडलेल्या नद्यांचा. त्यात. पण सात दिवस झाले की तो साफ होतो. रोज दुपारी चार वाजता."

आम्ही तिघांनी एकदम भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेचारला दोन मिनिटं कमी होती. मुकी गेली होती गेल्या मंगळवारी सकाळी. आज मंगळवार.

त्या पाव तासात मी देवाला किती वेळा हाक मारली ते त्यालाच माहीत. भाच्याने पासवर्ड चुकवला. पुन्हा चुकवला. भाचेसून म्हणाली, "सरक," आणि तिने तिसऱ्यांदा चुकवला. "अहो शहाणे, बदललात ना मागच्या आठवड्यात? काय ठेवलाय?" तो लाजला. तिच्या कानात काहीतरी सांगितलं. ती म्हणाली, "इश्श," आणि टाइप केलं. दार उघडलं. साफसफाई थांबवली तेव्हा चारला सहा मिनिटं होती.

कप्प्यात एकोणीस नद्या निघाल्या. एकीच्याही कपाळावर नाव नाही. मुकी कोणती, हे कसं ओळखायचं? एकेक उघडून बघायला लागलो. एकीच्या काठावर नुसते ढीगभर दगड. एकीत कुणी सगळी रोपं पाण्यातच लावून ठेवलेली. अकरावी उघडली आणि मी म्हटलं, "थांब."

एका काठावर बारा पायऱ्या होत्या. सूत धरून बसवल्यासारख्या, एक इकडची तिकडे नाही. दुसऱ्या काठावर फुलझाडांची रांग होती: कण्हेर, गुलाब, जास्वंद, झेंडू, मोगरा, शेवंती.

"छान आहे बाग," भाचा म्हणाला.

"बाग नाही रे. नीट वाच. क, ग, ज, झ. वर्णक्रमाने लावलीत. ही ग्रंथपालबाई आहे."

नदीत नाव नव्हती. नोंदीत होतं: मंगळवार, सकाळी सहा चाळीस, वादळ, नाव उलटली, खेळ बंद. त्या वेळी घड्याळजीच खेळत होता.

भाच्याने नदीला तिचं नाव परत दिलं. भाचेसून संध्याकाळपर्यंत बसून एकशे सतरा ठिकाणी नावेची होडी करत राहिली. "आधीच होडी म्हणायला काय झालं होतं?" असं भाच्याने विचारलं, तेव्हा म्हणाली, "होडी म्हटलं की लहानशी वाटते. नाव म्हटलं की त्यात बसावंसं वाटतं." बाकी अठरा नद्यांपैकी पाच खरोखरच अशा बुडालेल्या होत्या, त्याही ज्याच्या त्याला पोचवल्या. रविवार-सोमवारच्या तीन मात्र आधीच साफ झाल्या होत्या. त्या तिघांना मी पत्रं लिहिली, या वेळी तीन ओळींची. एकाने लिहिलं, बरंच झालं, मला नाहीतरी नव्याने सुरू करायची होती. एकीने नुसतं 'ठीक' म्हटलं. तिसऱ्याने खेळ सोडला आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

राहिली भाऊ-बहीण. बहिणीला लिहिलं, 'नदी सापडली. भावाने पुसली नव्हती. चूक आमची होती आणि पहिलं पत्र मी नीट वाचलं नाही, ती चूक माझी.' घड्याळजीला तेच लिहिलं, वर एक ओळ जास्त: 'नाव कशी बुडाली ते यंत्रात नोंदलेलं आहे. ते सांगणं माझं काम नाही, पण मला कुणी सरळ विचारलं तर खोटंही बोलणार नाही.'

"हे लिहायला हवंच होतं का?" भाच्याने विचारलं. "नदी मिळाली ना त्यांना?"

"नदीत नाव नाहीये. संध्याकाळी ती बघेल आणि विचारेल, नाव कुठे आहे. कुणाला विचारेल?"

"आपल्याला."

"म्हणून."

एक तास गेला, काही आलं नाही. भाचेसुनेने किटली लावली. खालच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं. मला वाटलं, पुन्हा पांघरूण घेतलं वाटतं याने. माझ्या मनात आलं, जास्त लिहिलं का मी? मग पत्र आलं. माझ्या एकटीला नव्हतं. त्याने बहिणीलाही जोडलं होतं आणि मला मध्ये ठेवलं होतं, जसं लहान मुलं भांडताना एखाद्या मोठ्याला मध्ये उभं करतात.

'नाव मी बुडवली. तू पुसलीस असं मी म्हणालो, ते माझं चुकलं.'

दहा मिनिटांनी:

'वादळात नाव काढायला कुणी सांगितलं होतं तुला?'

'तुझ्या काठावर म्हातारी उभी होती. तिला आणायला निघालो.'

'ती खेळातली म्हातारी आहे, मूर्खा.'

'ठाऊक आहे. भिजत होती.'

भाचेसून माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून वाचत होती.

'पायऱ्या बाराच का? तेरावीला जागा आहे.'

'बारा पुरे. घड्याळाला किती असतात?'

'घड्याळ नाहीये ते. माणसं चढतात त्याच्यावरून. पाणी चढलं की बुडतील.'

'तू काठ सांभाळ तुझा.'

'सांभाळतेच आहे. गुडघा कसा आहे?'

'तुला कुणी सांगितलं गुडघ्याचं?'

'लेकीने.'

'तिला बाकी काही काम नाही. बरा आहे. जिना त्रास देतो.'

मी स्क्रीनपुढून उठले. पुढचं वाचायचा मला काही हक्क नव्हता आणि डोळेही नीट दिसू देत नव्हते. भाचा म्हणाला, "आत्या, ही तक्रार सुटली अशी खूण करू?"

"कर."

"मग हे दोघं याच्यात लिहीतच बसलेत, त्याचं काय?"

"बसू देत. तुझं काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर त्या पत्रात चाळीस उत्तरं साठली होती. मी फक्त शेवटची दोन वाचली, कारण त्यांत आमचं नाव होतं; पत्राखाली मी 'आत्या' एवढीच सही करते. ग्रंथपालबाईंनी लिहिलं होतं: 'आत्यांना कळवावे, की नव्या नावेची वल्ही उलटी चालतात. डावं वल्हं ओढलं की उजवीकडे वळायची सोडून डावीकडेच जाते.' त्याखाली घड्याळजी: 'आत्या, लक्ष देऊ नका. वल्ही बरोबर आहेत. ही नावेत उलटं तोंड करून बसते.'

मी नावेत बसून पाहिलं. वल्ही खरंच उलटी होती. त्या एकशे सतरा ठिकाणांपैकी एकात भाचेसुनेचा हात घसरला होता. मी ते खेळाच्या गठ्ठ्यात टाकलं आणि तिला सांगितलं, "दुरुस्त कर, पण दुपारनंतर कर. सकाळची वेळ त्यांची भांडायची आहे."